जुनी इम्पोर्टेड गाडी की नवं मॉडेल? कोकणात निवडताना या चुका टाळा

फोक्सवॅगनच्या नव्या व्हर्टस जीटीसाठी पैसे जमवत आणायचे आणि नेमकी त्याच वेळी मुंबई-पुण्याच्या बाजारात एखादी आठ-दहा वर्षांची पोलो जीटीआय दिसायची. पूर्ण बांधून परदेशातून आलेली, तीन दरवाजांची, १९२ पीएसची (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच). किंवा फियाटची अबार्थ ५९५. थोडी जास्त ऐपत असेल तर २०२० साली भारतात फक्त २०० आल्या त्यातली स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५, आणि स्वप्नच बघायचं तर मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन टेन, म्हणजे इव्हो. इकडे नवी व्हर्टस किंवा स्कोडाची स्लाव्हिया १.५ लिटरची, १५० पीएसची, चाकणला बनलेली, वॉरंटीसकट. मन जुनीकडे ओढ घेतं, घरचे नवी घे म्हणतात.

ही निवड पुण्यात बसून करणं वेगळं आणि दापोली, गुहागर, देवगड, वेंगुर्ल्यात राहून करणं वेगळं. किनाऱ्यावर गाडी किती पळते यापेक्षा ती रात्री कुठे उभी राहते आणि बिघडली तर कोण हात लावतो, यावर तिचं आयुष्य ठरतं. खालच्या बहुतेक चुका हे न बघितल्यामुळेच होतात.

किलोमीटर बघून गाडीचं वय ठरवणं

"फक्त ३५ हजार चाललीय" हे जाहिरातीतलं सर्वांत मोहात पाडणारं वाक्य. पण किनाऱ्यावर उभी राहिलेली गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा जास्त खराब होते. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारं मीठ पत्र्याच्या सांध्यांत बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं, म्हणजे पावसाचा थेंब न पडताही पत्रा ओलाच राहतो. आपल्याकडे अशी आर्द्रता वर्षातले कितीतरी महिने असते. समुद्रालगतच्या वाडीत हा त्रास सर्वांत जास्त, आत सड्यावर किंवा घाटाच्या पायथ्याला गेलं की झपाट्याने कमी. म्हणून विक्रेत्याला किलोमीटरआधी विचारा, गाडी कुठल्या गावात आणि कशाखाली उभी असायची.

मग गाडी रॅम्पवर चढवा. रॅम्पवर घ्यायला नकार देणाऱ्याची गाडी घेऊ नका. दरवाजाखालचे सिल, मागच्या चाकांच्या कमानी, सबफ्रेम, ब्रेकच्या धातूच्या नळ्या, पेट्रोल भरायच्या नळीचा वरचा भाग, बॅटरीखालची ट्रे, स्टेपनीचा खड्डा, पुढच्या शॉकअपचे टॉवर. टॉर्च घ्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोका. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. बाहेरून लोहचुंबक फिरवला की लांबी, म्हणजे पुटी, कुठे भरलीय ते कळतं, फक्त बोनेट ॲल्युमिनियमचं असेल तर तिथे चुंबक चिकटणारच नाही, त्याला घाबरू नका. जुन्या गाडीच्या बुडाला नवाकोरा काळा कोट मारलेला दिसला तर मात्र थांबा. गंजावर मारलेलं कोटिंग ओल आत धरून ठेवतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो.

इव्होचं एक खास दुखणं सांगायलाच हवं. चारही चाकांकडे ताकद वाटणाऱ्या यंत्रणेचा हायड्रॉलिक पंप मागच्या चाकाजवळ, चिखल-पाणी उडेल अशा जागी बसवलेला आहे. इंग्लंडमध्ये बर्फावर टाकलेल्या मिठाने हे पंप गंजून बाद झाल्याच्या तक्रारी मालकांत सर्वश्रुत आहेत. आपल्याकडे बर्फ नाही, पण मीठ आहेच. डॅशबोर्डवर या यंत्रणेचा इशारा दिवा लागतो-विझतो असं दिसलं तर पंपाची किंमत आधी काढा, सौदा नंतर करा.

पुराची गाडी हा वेगळा धोका. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड बुडालं तेव्हा शेकडो गाड्या पाण्यात होत्या. अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाशी लालसर गाळाची रेघ दिसते का बघा. सीटचे रूळ, गालिच्याखालचे वायरिंगचे जोड, डॅशबोर्डमागचे स्क्रू तपासा. जोडांवर हिरवा थर असेल तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी तिला हात लावू नका. पत्रा बदलता येतो, पण बुडलेलं वायरिंग पुढची अनेक वर्षं छळतं.

कागद नंतर बघू म्हणणं

इम्पोर्टेड गाडीत कागदांची चूक यंत्राच्या चुकीपेक्षा महाग पडते, आणि ती दुरुस्तही होत नाही.

भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. त्यामुळे वीस वर्षांची जपानी स्पोर्ट्स कार "नुकतीच बाहेरून आणलीय" असं कुणी सांगत असेल तर ती सरळ मार्गाने आलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क खात्याने भूतानमार्गे आणलेल्या गाड्यांवर मोठी कारवाई केली. त्यात ज्यांनी भारतात पैसे देऊन गाडी घेतली होती त्यांच्याही दारात अधिकारी आले. दूरच्या राज्यातली पहिली नोंदणी आणि मग दोन-तीन राज्यांतून फिरलेलं आरसी बुक दिसलं, तर सीमाशुल्क भरल्याची बिल ऑफ एंट्री मागा. मिळत नसेल तर सौदा सोडा.

गाडी सरळ मार्गाने आलेली असली तरी हिशोब करा. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण करताना साध्या मोटारीला ५,००० रुपये लागतात, आयात चारचाकीला ४०,०००. ऑगस्ट २०२५ च्या नियमबदलानंतर वीस वर्षांवरच्या साध्या मोटारीला १०,००० आणि आयात चारचाकीला ८०,००० रुपये. हे पाच वर्षांसाठी, आणि फिटनेस व पर्यावरण कर वेगळा. २०१० ची इव्हो आज घेतली तर हा खर्च लगेच तुमच्या अंगावर येतो, आधीच्या मालकाच्या नाही. परराज्यातून आणली तर महाराष्ट्राचा रोड टॅक्सही आला. आयात गाडीला तो २० टक्क्यांच्या दराने, गाडीच्या वयाची घट धरून. दिल्लीत पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर असलेल्या बंधनांमुळे तिथे गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी, कर आणि पेण, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग आरटीओच्या फेऱ्या धरल्या की तो स्वस्तपणा बराचसा संपतो.

आरसीवर इंजिन नंबर जुळतो का ते स्वतः बघा. परफॉर्मन्स गाड्यांत इंजिन बदललेलं असणं नवलाचं नाही, आणि ती नोंद नसेल तर विम्याचा दावा तिथेच अडतो. न कळवलेला सायलेन्सर, टर्बो, रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये केलेला बदल) यांचंही तसंच.

सुटे भाग "मिळतील कुठेतरी" असं समजणं

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळमध्ये उत्तम फिटर आहेत. हात सोन्याचे, पण त्यांच्याकडे त्या गाडीचा स्कॅनर आणि वायरिंगचा नकाशा नसेल तर ते तरी काय करणार? गाडी ट्रेलरवर घालून कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठायची. फियाटने इथली विक्री बंद केली आहे, मित्सुबिशीच्या मोटारी तर केव्हाच दिसेनाशा झाल्या. भाग जपान किंवा युरोपातून मागवायचे म्हणजे सीमाशुल्क आणि आठवड्यांची वाट.

सौद्याआधी एक दुपार फोनवर घालवा. पुढचा लोअर आर्म, पाण्याचा पंप, पुढची काच, एक हेडलाइट आणि एबीएस सेन्सर, या पाच गोष्टी कुठे, किती दिवसांत, किती रुपयांत मिळतात ते विचारा. तीन गोष्टींना उत्तर मिळालं नाही तर ही गाडी तुमची एकमेव गाडी होऊ शकत नाही. टायरही बघा. बाजूवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. जेमतेम चाललेल्या गाडीवर मूळ टायर असतील तर नक्षी कितीही खोल दिसो, ते बाद धरा. टायमिंग बेल्टचंही हेच. किलोमीटर झाले नसले तरी वर्षं झाली की बदलायचा.

उंची न मोजता गाडी घेणं

किनारपट्टीचा प्रवास नुसता महामार्ग ६६ वरून होत नाही. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा या फेरीबोटी रोजच्या आहेत. ओहोटीला जेट्टीचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात जो कोन होतो, तिथे खाली बसवलेल्या गाडीचा बंपर किंवा पोट हमखास टेकतं. भरतीच्या वेळेला जायचं हा उपाय आहे, पण भरतीचं वेळापत्रक बघून आयुष्य किती दिवस काढणार? घराची पाणंदही बघा. जांभ्याचा चढ, मध्ये दगडी गटार, वळणावर कुंपणाचा गडगा. व्हर्टसची जमिनीपासूनची उंची कंपनी १७९ मिलिमीटर सांगते, आणि आपल्या वाटांवर हा आकडा दहा-वीस पीएसपेक्षा जास्त कामाचा आहे. एकदा घ्यायची तीच गाडी स्वतःच्या पाणंदीतून आणि फेरीवरून नेऊन बघा, विक्रेत्याला सोबत घेऊन.

किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी घालण्याबद्दल एवढंच सांगतो: नका घालू. जुनी नको, नवी नको.

पेट्रोलला पेट्रोल समजणं

आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. ऑक्टेनची अडचण फारशी नाही, ई२० चं ऑक्टेन ९५ आहे. अडचण मिश्रणाची आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, ई२० ला सुमारे साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. आरामात चालताना ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हे जुळवून घेतो. पण पूर्ण थ्रॉटलला अनेक जुने ईसीयू ठरलेल्या तक्त्यावर चालतात, आणि त्यावर कुणी जुन्या पेट्रोलसाठी रीमॅप केला असेल तर घाटात टर्बो भरात असताना मिश्रण पातळ पडतं. तिथे पिस्टन वितळायची भीती खरी आहे. टाकीच्या झाकणाच्या आत किंवा हँडबुकात ई५, ई१० की ई२० ते लिहिलेलं असतं, ते वाचा. रबरी नळ्या आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या घाला, रीमॅप असेल तर ई२० वर पुन्हा ट्यून करून घ्या. इथेनॉल ओल ओढतं, म्हणून पावसाळाभर गाडी अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. १०० ऑक्टेनचं पेट्रोल मोठ्या शहरांतल्या ठराविक पंपांवर मिळतं. त्याच्या भरवशावर गुहागरात गाडी पाळता येत नाही.

नवी म्हणजे निर्धास्त असं मानणं

नव्याच्याही खोडी आहेत. व्हर्टस-स्लाव्हियाच्या १.५ लिटर ऑटोमॅटिकमध्ये कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आहे. गणपतीला माणगाव-इंदापूरच्या कोंडीत तासभर इंचाइंचाने सरकत राहिलात की क्लच तापतो. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदम पुढे घ्या. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा. घाटाची खरी मजा हवी असेल तर मॅन्युअलच घ्या, माझं मत स्पष्ट आहे. पण २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत मिळालेले पाच तारे, सहा एअरबॅग, पंधरा वर्षांची कोरी आरसी आणि पाणी शिरून इंजिन बसलं तर भरपाई देणारं विम्याचं जोडकवच हे सगळं नवीसोबत येतं. ते कवच ठराविक वयापुढच्या गाडीला बहुतेक विमा कंपन्या देतच नाहीत.

रोजची एकच गाडी असेल तर नवी घ्या. घरात दुसरी गाडी आहे, समुद्रापासून आत हवेशीर बंद गॅरेज आहे, आणि किमतीच्या निदान पाव हिस्सा पैसे पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवता येतात, तर जुनी जरूर घ्या. तिचं स्टिअरिंग हातात जे सांगतं ते नव्या गाड्या सांगत नाहीत, आणि अशी गाडी जपणारे लोक कोकणात असायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

घेतलीच असेल आणि त्रास देत असेल तर

सकाळी गाडी अडखळत सुटते, मागून कट्ट आवाज येतो: हँडब्रेक लावून दमट हवेत उभी ठेवल्याने पॅड डिस्कला चिकटलेत. सपाट जागी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक मोकळा सोडा.

पहिल्या पावसानंतर एबीएस, ट्रॅक्शन, एअरबॅग असे दिवे एकदम लागले तर महागडे सेन्सर बदलायला धावू नका. आधी बॅटरीचा व्होल्टेज आणि बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या वायरी बघा. टोकं घासून साफ केली आणि त्यावर ग्रीस लावलं की अनेकदा तेवढ्यावर भागतं.

चालकाशेजारचा गालिचा ओला होतोय म्हणजे वायपरखालची पन्हळ तुंबलीय. सुरूच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांना हा त्रास हमखास, कारण त्याच्या बारीक काड्या पाणी जायच्या भोकात अडकतात. सनरूफ असेल तर त्याच्या नळ्याही बघा. हे आज करा, कारण काही गाड्यांत त्याच ओलीजवळ ईसीयू असतो.

चढाला जोर कमी, शिट्टीसारखा आवाज: टर्बो खोलायच्या आधी रबरी आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांवर धुराची चाचणी करून घ्या. वीस वर्षांची नळी हाताने वाकवली तरी तडकते.

आणि प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाका. खालून ओल, वरून उकाडा, आत गाडी कुजते. उघडी पडवी आणि दर आठवड्याला बुडाला गोड्या पाण्याचा फवारा, एवढं जमलं तरी पुष्कळ.

अजून घेतली नसेल तर बघायला मे महिन्यात जाऊ नका, जुलैत जा. मुसळधार पावसात तासभर चालवा, एसी आणि वायपर चालू ठेवून, मग इंजिन बंद करा, अर्धा तास थांबा आणि पुन्हा स्टार्टर मारा. काच आतून धुरकट होते का, गालिचा हाताला ओला लागतो का, दिवे लागतात का, आणि गरम इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं का, ते बघा आणि त्याच दिवशी गाडी रॅम्पवर चढवा.