ब्रश स्क्रिप्ट फॉन्ट वापरताना या चुका टाळा

कुंचल्याने सहज लिहिल्यासारखा दिसणारा फॉन्ट निमंत्रणपत्रिकेला किंवा मसाल्याच्या पाकिटाला जो जिव्हाळा देतो, तो अक्षरांच्या सलग ओघातून आलेला असतो. म्हणूनच हा ओघ कुठे तुटला, तर ते लगेच डोळ्यांना खुपते.

तो सर्वाधिक तुटतो अक्षरांमधील अंतर, म्हणजेच ट्रॅकिंग, वाढवल्याने. रॉबर्ट ई. स्मिथ यांनी १९४२ मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्स या छपाईचे टाइप बनवणाऱ्या कंपनीसाठी रेखाटलेल्या ‘ब्रश स्क्रिप्ट’ याच नावाच्या फॉन्टमध्ये लहान रोमन अक्षरे ठरावीक जागी एकमेकांना भिडतात आणि ट्रॅकिंग वाढवताच ते सांधे उघडे पडतात. देवनागरीत तर शिरोरेषाच तुटते. मथळा ऐसपैस हवा असल्यास ट्रॅकिंग शून्यावर ठेवून अक्षरांचा आकार वाढवावा. अखंड शब्द रोमन कॅपिटल अक्षरांतही लिहू नये, कारण ती शब्दाच्या आरंभासाठी घडवलेली असतात आणि शेजारी शेजारी आली की जुळत नाहीत.

बाह्यरेषा दिल्यावर सांध्यांवर नको त्या रेघा उमटत असतील, तर अक्षरांचे आकार एकमेकांवर चढलेले आहेत, असे समजावे. मूळ मजकुराची प्रत राखून अक्षरांचे आउटलाइनमध्ये, म्हणजे मजकूर न राहिलेल्या निव्वळ आकारांमध्ये, रूपांतर करावे, सर्व आकार एकसंध करावेत आणि त्यानंतरच बाह्यरेषा द्यावी.

केवळ देखणा नमुना पाहून मराठी कामासाठी फॉन्ट निवडणे ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक आहे. ‘वाऱ्यावर’, ‘महाराष्ट्र’, ‘बाळकृष्ण’, ‘ॲड’ हे शब्द आधी टंकून पाहावेत. केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेला फॉन्ट बहुधा पहिल्याच शब्दात अडखळतो. पाकळीचा ल आणि देठाचा श हेही तपासावेत. काही फॉन्टमध्ये ही मराठी रूपे दडलेली असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली, तरच ती दिसतात. मात्र ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जात असेल किंवा जोडाक्षराऐवजी पाय मोडलेले अक्षर दिसत असेल, तर फॉन्ट बदलण्याची घाई करू नये. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर हा मजकूर जुळवण्याचा पर्याय निवडल्यावर हा दोष सहसा नाहीसा होतो.

सॉफ्टवेअरचे बोल्ड बटण वापरल्यास कुंचल्याच्या जाड-बारीक रेषांतील फरक पुसला जातो. ‘कलम’ या हस्ताक्षराच्या वळणाच्या फॉन्टला लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशी तीन वजने, म्हणजे जाडीचे प्रकार, मुळातच आहेत. जाड अक्षर हवे असेल, तेव्हा असाच फॉन्ट घ्यावा. पत्ता, किंमत आणि सविस्तर मजकूर साध्या, सुवाच्य फॉन्टमध्येच असावा.

कोरड्या कुंचल्याचे खरखरीत ओरखडे असलेला फॉन्ट मोठ्या छपाईत खुलतो. पण व्हिनाइल, म्हणजे चिकटवायची प्लास्टिकची पातळ शीट, कापणाऱ्या प्लॉटर यंत्राला प्रत्येक ओरखडा वेगळा कापावा लागतो आणि ते बारीक तुकडे सोलताना निघून येतात. दुकानाच्या काचेवरील अक्षरांसाठी त्यामुळे गुळगुळीत कडांचाच फॉन्ट निवडावा.