नैराश्यानंतर पुन्हा वाचू-लिहू लागताना

मन बरंचसं सावरलेलं असतं, तरी पान पुढे सरकत नाही. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटते. एकाग्रता कमी होणं हे नैराश्याचं लक्षणच आहे आणि उदासी ओसरल्यावरही ते अनेकांमध्ये रेंगाळतं. याला आळस म्हणू नका.

पुस्तक आधी वाचलेलं, आवडलेलं घ्या. पात्रं आणि कथानक ठाऊक असलं की लक्षात ठेवायचा भार हलका होतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, घड्याळात १० मिनिटांचा गजर लावा आणि गजर झाला की थांबा, अजून वाचावंसं वाटलं तरी. एका चांगल्या दिवशी दोन तास वाचायचं, मग थकून आठवडाभर पुस्तकाला हात लावायचा नाही, इथेच बहुतेकांचं बिनसतं. आठवडाभर १० मिनिटं जमली की १५ करा. ओळ सुटत असेल तर खाली पट्टी धरा किंवा मोठ्याने वाचा. इच्छा होईल तेव्हा बसू, असं मात्र ठरवू नका. या आजारानंतर गोडी बहुधा कृतीच्या मागून येते.

सकाळी मन जास्त जड असेल तर संध्याकाळची वेळ निवडा. औषधाने गुंगी येत असेल किंवा जवळची अक्षरं धूसर दिसत असतील तर डॉक्टरांना सांगा. मात्रा किंवा वेळ बदलता येते. गोळी स्वतःहून बंद करू नका.

लिहिण्यात अडचण वेगळी. ‘माझंच असं का झालं’ यावर पानंच्या पानं भरली की मन तेच तेच उगाळत राहतं. म्हणून आधी डोळ्यांसमोरचं लिहा: खिडकीबाहेर काय दिसतं, कुणाचा आवाज आला, हातात काय आहे. रोज तीनच वाक्यं, वर तारीख. तेवढंही सुचलं नाही तर पुस्तकातला एखादा परिच्छेद हाताने उतरवून काढा. तेही लिहिणंच आहे. पहिले १५ दिवस मागचं वाचू नका, खोडू नका. आजारपणाविषयी लिहायचंच असेल तर २० मिनिटांच्या पुढे जाऊ नका, आणि लिहिल्यानंतर दोन-तीन दिवस मन खचलेलंच राहिलं तर तो विषय समुपदेशकांसोबतच उघडा.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, नेहमीएवढंच करा. पण उदासी पुन्हा दोन आठवडे टिकली, झोप-भूक बिघडली, तर डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटू लागलं तर त्याच दिवशी जा, सोबत कुणाला तरी घेऊन.