मुलींची फुटबॉल बॅच: सुट्टी लागायच्या आत करायची तयारी

कोल्हापुरात फुटबॉल शिकवावा लागत नाही म्हणतात, ते पोरांच्या बाबतीत खरं आहे. पेठेतल्या पोराला बॉल गल्लीतच सापडतो, बूट थोरल्या भावाचे मिळतात आणि पाटाकडील तालीम की शिवाजी मंडळ, कुठल्या संघाच्या बाजूनं ओरडायचं हे घरातच ठरलेलं असतं. त्याच घरातली पोरगी सगळ्या खेळाडूंची नावं सांगते, पण बॉलला पाय लावायची वेळ तिच्यावर येत नाही. तिच्यासाठी बेत आखावा लागतो. मे महिन्यात बॅच सुरू करायची तर मार्चमध्येच कामाला लागा.

सुरुवात किटपासून करू नका, पोरी गोळा करण्यापासून करा. बारा वर्षांच्या आतल्या मुली मुलांबरोबर खुशाल खेळू देत, त्यात काही बिघडत नाही. पण वीस पोरांत एकटी पोरगी घातली की तिच्याकडं पास येत नाही, ती कडेला उभी राहते आणि पंधरा दिवसांत तिचं पोट दुखायला लागतं. चौघी-पाचजणी एकदम आल्या तर टिकतात. म्हणून आधी, जी पोरगी तयार आहे तिच्या वर्गातल्या मैत्रिणींच्या आयांना फोन करा, मग सध्या खेळणाऱ्या पोरांच्या बहिणी शोधा. त्या घरांत खेळाला विरोध कमी असतो आणि आणण्या-नेण्याचा प्रश्नही आपोआप सुटतो.

घरच्यांशी बोलताना उदाहरण जवळचं द्या. गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळची अंजू तुरंबेकर महाराष्ट्राकडून खेळली, पुढं प्रशिक्षक होऊन एएफसीचं, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचं, प्रशिक्षकाचं ए लायसन्स मिळवलं आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघात ग्रासरूटचं, म्हणजे लहान मुलांना खेळात आणायचं, काम सांभाळलं. आजीला हे पटतं, कारण गाव ओळखीचं असतं. मुलींना मात्र मॅच दाखवा. 5 जुलै 2025 ला भारताच्या मुलींनी चियांग माईत थायलंडला 2-1 हरवून 2026 च्या आशियाई चषकात जागा मिळवली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्याचे हायलाइट्स मोबाइलवर मिळतात.

मग ग्राउंड. गवत आहे का, हे नंतर बघा. आधी बाथरूम बघा: आहे का, दाराला आतून कडी लागते का, पाणी येतं का, किल्ली कुणाकडं असते. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुली खेळ सोडतात त्यामागं अभ्यासाइतकंच हेही कारण असतं, फक्त ते कुणी बोलून दाखवत नाही. किल्ली ग्राउंडवर हजर असणाऱ्या बाईकडं ठेवा. कोच पुरुष असला तरी चालेल, पण एक ताई किंवा कुणाची तरी आई रोज तिथं हवी. निरोप पालकांच्या ग्रुपवरच जावेत, कोचनं कुठल्याही मुलीला वेगळा मेसेज करायचा नाही. हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकावं, म्हणजे नंतर कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

शाळेच्या कपाटातले बॉल काढून आकडा बघा. बहुतेक 5 नंबरचे निघतील. तो बॉल 410 ते 450 ग्रॅमचा असतो आणि नऊ वर्षांच्या पोरीच्या पायाला जड जातो. आठ वर्षांपर्यंत 3 नंबर, तिथून बारापर्यंत 4 नंबर आणि पुढं 5 नंबर. शक्यतो प्रत्येकीला एक बॉल द्या, नाहीतर निम्मा वेळ रांगेत जातो. लहानग्यांना हेडिंग, म्हणजे डोक्यानं बॉल मारणं, शिकवायची घाई नको. अमेरिकेत दहा वर्षांच्या आतल्या मुलांना ते बंदच केलेलं आहे.

किटवर पालकांचा खर्च वाढवू नका. आपल्याकडं ग्राउंड कडक, मुरमाचं. तिथं रबरी सोलचे, बारीक स्टडचे (तळाला छोट्या गुठळ्या असलेले) बूट लागतात, लोखंडी स्टड नकोत. ‘वाढत्या पायाचं आहे, दोन नंबर मोठा द्या’ असं दुकानात म्हणू नका, टाच घासून फोड येतात. अंगठ्यापुढं बोटभर जागा पुरे. नडगीवर बांधायचे शिनगार्ड मात्र पहिल्या दिवसापासून हवेत, मॅचमध्ये ते सक्तीचे आहेत. शॉर्ट्स गडद रंगाची घ्या. इंग्लंडच्या महिला संघानं 2023 मध्ये पांढरी चड्डी सोडून निळी घेतली ती पाळीच्या काळजीपोटीच. बॅचच्या पिशवीत बर्फ आणि बँडेजबरोबर पॅडचं पाकीट असू दे, आणि ते कुठं आहे हे प्रत्येकीला माहीत असू दे.

दागिन्यांचं आधीच सांगून ठेवा. कानातलं, चमकी, पैंजण, बांगडी यातलं काहीच नियमात बसत नाही. वरून चिकटपट्टी लावलेलीही चालत नाही, पंच बाहेर काढतात. कान किंवा नाक टोचायचं असेल तर बॅचच्या बरीच आधी टोचून घ्या, कारण ताज्या टोचलेल्या भोकातून रिंग काढता येत नाही.

सरावाला पोरी आल्या की थेट मोठ्या गोलवर मॅच लावू नका. चार विरुद्ध चार खेळवा, त्यात प्रत्येकीच्या पायाला बॉल लागतो. त्याआधीचं वॉर्मअप म्हणजे नुसत्या दोन फेऱ्या नव्हेत. वयात येणाऱ्या मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटची (हाडं जोडून ठेवणाऱ्या पट्ट्याची) दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, म्हणून उडी मारून गुडघे वाकवून उतरणं, एका पायावर तोल धरणं, पळता पळता थांबून वळणं हे रोज घ्या. फिफाचा 7 ते 13 वयासाठी ‘11 प्लस किड्स’ नावाचा तयार कार्यक्रम आहे, तोच लावला तरी भागतं. येताना पोट रिकामं नको, केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू खाऊन या.

कागद आत्ताच जमवा: जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड, फोटो. शालेय स्पर्धेत 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट असतात आणि वयाच्या कागदावरून ऐनवेळी मुली बाद होतात.

आणि जूनचं आत्ताच ठरवा. पावसात गांधी मैदानाचं तळं होतं, बॅच ‘उघडीप मिळाली की बघू’वर जाते आणि शाळा सुरू झाल्यावर निम्म्या पोरी परत येत नाहीत. शाळेच्या हॉलसाठी मुख्याध्यापकांना आत्ताच अर्ज द्या. नाहीतर टर्फवाल्याशी, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान तासावर भाड्यानं देणाऱ्याशी, दुपारच्या दराचं बोला, संध्याकाळचा दर नोकरदार मंडळींनी चढवून ठेवलाय.