दोन हंगामांत गुंडाळलेल्या हॉकी संघाचा इतिहास कसा जुळवावा

अमेरिकेतल्या खालच्या आइस हॉकी लीगमधला संघ बंद पडला की त्याचं दफ्तर कोणी सांभाळत नाही. मग इतिहास जुळवायचा तो बाहेरच्या कागदांवरून. उदाहरणाला कनेटिकटमधला डॅनबरी ट्रॅशर्स घेऊ: युनायटेड हॉकी लीग, हंगाम दोनच, २००४-०५ आणि २००५-०६.

आधी संघाची ओळख पक्की करा. डॅनबरीत पुढे व्हेलर्स, टायटन्स आणि हॅट ट्रिक्स आले. ते स्वतंत्र संघ आहेत, त्यांचे आकडे यात मिसळू नका. लीगच्या नावातही फसगत होते. ही लीग १९९७ पर्यंत कलोनियल होती आणि २००७ मध्ये इंटरनॅशनल झाली. २००१ मध्ये बंद पडलेली जुनी इंटरनॅशनल हॉकी लीग निराळी.

मग दर हंगामाचा खेळाडूवार तक्ता करा: सामने, गोल, असिस्ट (गोलासाठी दिलेले पास), पेनल्टी मिनिटं (शिक्षा म्हणून बाहेर बसण्याची मिनिटं). खेळाडू आला कधी, गेला कधी, हा रकाना हवाच. २००४-०५ मध्ये टाळेबंदीमुळे एनएचएलचा (नॅशनल हॉकी लीग, तिथली सर्वांत वरची लीग) अख्खा हंगाम रद्द झाला होता, म्हणून माइक रप्पसारखा एनएचएलचा खेळाडू इथे दिसतो. हंगामाच्या मध्यात संघ बदललेल्यांच्या एकूण बेरजेची ओळ उचलली, तर दुसऱ्या संघाचे गोल तुमच्या खात्यात येतात.

आता ताळा करा. खरं काम हेच. खेळाडूंच्या गोलांची बेरीज संघाच्या गोलांपेक्षा कमी भरली, तर आधी शूटआउटमधले (बरोबरीतला सामना एकेक खेळाडूच्या फटक्यांवर सोडवतात, त्यातले) विजय मोजा. अशा प्रत्येक विजयाला संघाच्या नावावर एक गोल चढतो, खेळाडूच्या नावावर नाही. विरुद्ध बाजूला गोलरक्षकांवरचे गोल, रिकाम्या जाळ्यातले (गोलरक्षक बाहेर काढलेला असताना झालेले) गोल आणि शूटआउटमधले पराभव मिळून संघावर झालेल्या गोलांचा आकडा जुळायला हवा. पेनल्टी मिनिटांत फरक राहिला, तर तो बहुधा बेंच मायनरचा, म्हणजे एका खेळाडूला नव्हे तर संघाला झालेल्या शिक्षेचा: ती दोन मिनिटं संघाची.

ट्रॅशर्स म्हटलं की मारामाऱ्या, मालक जेम्स गॅलान्टे आणि त्याचा सतरा वर्षांचा जनरल मॅनेजर मुलगा एवढंच सांगितलं जातं. हा भाग वगळू नका, पण न्यायालयाच्या कागदांवरूनच लिहा. पेसर या सरकारी संकेतस्थळावर पानाला १० सेंट पडतात, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर. गॅलान्टेवरचं जून २००६ चं आरोपपत्र आणि त्याची २००८ ची कबुली शेजारी ठेवून वाचा. आरोप बरेच होते, कबुली थोड्यांची. लीगची पगारमर्यादा चुकवण्याचं प्रकरण त्या कबुलीत आहे. नुसत्या आरोपाला 'केलं' असं क्रियापद लावू नका.

याच संघाने २००६ मध्ये कलोनियल कपची (या लीगच्या विजेतेपदाची) अंतिम फेरी गाठली आणि कॅलमझू विंग्सकडून हरला. खेळाची ही बाजू उपेक्षित राहते, तिला भरपूर जागा द्या. डॅनबरीचं न्यूज-टाइम्स तर चाळाच, पण प्रतिस्पर्ध्याच्या गावचं, इथे कॅलमझूचं, वर्तमानपत्रही काढा. एकाच सामन्याच्या दोन बातम्यांत गोलाची वेळ जुळली नाही, तर एकाने पिरियडची झालेली मिनिटं दिलीत आणि दुसऱ्याने उरलेली, हे तपासा. पिरियड २० मिनिटांचा असतो. वजाबाकी केली की बहुतेक भांडणं मिटतात.