मालक बाहेरगावी जाणार असताना घाबरट कुत्र्याची पूर्वतयारी

एकटे राहण्याची भीती वाटणाऱ्या कुत्र्याला मागे ठेवून प्रवासाला जायचे असेल, तर तारीख निश्चित होताच तयारी सुरू करावी. सौम्य भीती कमी व्हायलाही काही आठवडे लागतात आणि जुनी, खोलवर रुजलेली भीती असेल तर काही महिने जातात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने केलेले उपाय बहुधा उपयोगी पडत नाहीत, कारण तोवर घरातील लगबग पाहूनच कुत्रा अस्वस्थ झालेला असतो.

सर्वप्रथम आपला कुत्रा नेमका कशाला घाबरतो हे ठरवले पाहिजे. काही कुत्र्यांना घरात कोणीही माणूस नसण्याची भीती वाटते. त्यांच्यासोबत विश्वासातील कोणी राहिले की ते बऱ्यापैकी शांत असतात. काहींचा जीव मात्र एकाच व्यक्तीत गुंतलेला असतो आणि ती नजरेआड झाली की घरभर माणसे असूनही त्यांना चैन पडत नाही. पहिल्या प्रकारच्या कुत्र्यासाठी योग्य सोबती शोधणे हेच मुख्य काम असते. दुसऱ्या प्रकारच्या कुत्र्याला दुसऱ्या माणसावर विसंबायला आधी शिकवावे लागते, आणि त्याला अधिक वेळ द्यावा लागतो.

हे समजून घेण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे कुत्र्याचे चित्रीकरण. मोबाइल किंवा घरातील कॅमेरा सुरू ठेवून थोड्या वेळासाठी बाहेर पडावे. भीतीची लक्षणे बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच दिसतात: येरझाऱ्या घालणे, धापा टाकणे, लाळ गळणे, रडणे किंवा सूर लावून विव्हळणे, दारे-खिडक्या ओरबाडणे, आवडता खाऊही न हुंगणे. याउलट जो कुत्रा तासभर झोप काढतो आणि मग उठून उशी फाडतो, तो बहुधा कंटाळलेला असतो. त्याला अधिक फिरणे आणि डोक्याला खुराक हवा असतो. घरात लघवी होण्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, तर वयस्कर कुत्र्याच्या रात्रीच्या अस्वस्थतेमागे वार्धक्यामुळे होणारे मेंदूतील बदल असू शकतात. म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी आणि ते चित्रीकरण त्यांना अवश्य दाखवावे. तोंडी वर्णनापेक्षा त्यातून त्यांना कितीतरी अधिक कळते.

थोडे थोडे दूर राहण्याचा सराव

मालक निघण्यापूर्वी ज्या गोष्टी करतो त्या कुत्र्याला पाठ असतात. किल्ली उचलणे, बूट घालणे, बॅग खांद्याला लावणे यांपैकी कशाने तो सावध होतो ते पाहावे आणि तीच कृती दिवसातून काही वेळा करून बाहेर न पडता आपल्या कामाला लागावे. किल्ली उचलली तरी माणूस घरातच आहे, हे पुरेशा वेळा घडले की त्या आवाजाचा धसका ओसरू लागतो. प्रवासाची बॅगही काही दिवस आधीपासून अधूनमधून बाहेर काढून ठेवावी.

त्यानंतर प्रत्यक्ष बाहेर पडण्याचा सराव करावा. सुरुवात अगदी काही सेकंदांपासून करावी: दार उघडावे, बाहेर पाऊल टाकावे, दार लावावे आणि लगेच परत यावे. या सगळ्या पद्धतीचा कणा असा, की कुत्रा घाबरण्यापूर्वी आपण परतलेले असले पाहिजे. तो रडेपर्यंत थांबून मग परत येणे म्हणजे भीतीचाच सराव घडवणे होय. किती वेळ बाहेर राहायचे हे घड्याळाकडे पाहून न ठरवता कुत्र्याच्या शरीराकडे पाहून ठरवावे; कान मागे गेले, ओठ चाटू लागला, जांभया देऊ लागला किंवा दारावरून नजर हटेना, तर पुढची वेळ कमी करावी. वेळ दर खेपेला वाढवत नेऊ नये. पाच मिनिटांनंतर एक मिनिट, मग तीन, मग सहा असा चढउतार ठेवल्यास प्रत्येक खेप आधीपेक्षा कठीणच असणार, अशी कुत्र्याची धारणा होत नाही. साधारणपणे पहिली तीस ते चाळीस मिनिटे गाठायला सर्वाधिक चिकाटी लागते, आणि दीड तास निवांत राहू लागलेले अनेक कुत्रे त्यापुढे अर्धा दिवसही राहू शकतात.

या काळात सरावाबाहेर कुत्र्याला त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त वेळ एकटे ठेवू नये. ही अट पाळणे सर्वांत अवघड आहे, हे मान्य करावे लागेल. नोकरी, शाळा, खरेदी यांत ती मोडली जाते. तरीही शेजारी, नातेवाईक, दिवसा सांभाळणारी केंद्रे यांची मदत घेऊन ती जमेल तितकी पाळावी, कारण पूर्ण घबराटीचा एक प्रसंग अनेक दिवसांच्या सरावावर पाणी फिरवू शकतो.

खाऊ भरलेली खेळणी उपयुक्त आहेत, पण त्यांच्यावर विसंबून राहू नये. अनेक घाबरलेले कुत्रे मालक गेल्यावर खातच नाहीत. खेळणे तसेच पडून राहिले तर तो भीतीचा पुरावा समजावा. त्यात पीनट बटर भरणार असाल तर त्यामध्ये झायलिटॉल नाही याची खात्री करावी, कारण हा गोडवा आणणारा पदार्थ कुत्र्यांसाठी विषारी आहे. फाडाफाडीबद्दल शिक्षा कधीही करू नये. त्याने मालकाच्या परतण्याचीही धास्ती बसते. घाबरलेल्या कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडणे तर धोक्याचे आहे, कारण सुटण्याच्या धडपडीत दात आणि नखे तुटतात.

सांभाळणारी व्यक्ती

अनेक दिवसांच्या प्रवासात असा कुत्रा एकटा राहू शकेल आणि कोणी दिवसातून दोनदा येऊन खायला घालेल, ही व्यवस्था पुरेशी नाही. घरी येऊन मुक्काम करणारी व्यक्ती मिळाली तर ती सर्वोत्तम, कारण वास, आवाज आणि झोपायची जागा तीच राहते. तिची ओळख टप्प्याटप्प्याने करून द्यावी. आधी मालकासह फिरायला जावे, मग तिने खायला घालावे, पुढे मालक घरात असतानाच तिने मुक्काम करावा आणि शेवटी मालकाने एक रात्र बाहेर काढून पाहावी. ही चाचणीची रात्र टाळू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मालक जवळपास असतानाच अडचणी लक्षात आल्या तर त्या सोडवता येतात.

बोर्डिंगमध्ये, म्हणजे कुत्र्यांना मुक्कामी सांभाळणाऱ्या केंद्रात, ठेवायचे असल्यास रात्री तेथे माणूस असतो का, घाबरट कुत्र्यांना गोंगाटापासून दूर ठेवतात का आणि कुत्रा खात नसेल तर काय करतात, हे स्पष्ट विचारावे. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) या आजारांवरील लसी किमान दोन आठवडे आधी पूर्ण झालेल्या असाव्यात. नेहमीचेच अन्न सोबत द्यावे. अचानक बदललेल्या अन्नाने पोट बिघडते. मालकाच्या वापरातील न धुतलेली चादर द्यायलाही हरकत नाही.

लेखी सूचनांमध्ये अन्नाचे प्रमाण, औषधांच्या वेळा, पशुवैद्यांचा पत्ता आणि उपचारांना संमती एवढे तर असावेच. शिवाय घरी आज्ञा देताना वापरले जाणारे नेमके शब्द लिहावेत, कारण ‘बस’ आणि ‘खाली’ यांत कुत्र्याला फरक असतो. अस्वस्थतेची पहिली चिन्हे कोणती आणि त्या वेळी तो कशाने शांत होतो, हेही लिहावे. घाबरलेला कुत्रा पहिल्या काही दिवसांत निसटण्याची शक्यता जास्त असते, म्हणून छातीचा पट्टा आणि गळ्यातला पट्टा दोन्ही वापरावेत, मोकळे सोडणे पूर्ण टाळावे आणि गळ्यातील बिल्ल्यावर सांभाळणाऱ्या व्यक्तीचाही क्रमांक असावा.

औषधे

भीती तीव्र असेल तर औषध मागण्यात संकोच बाळगू नये. घबराटीत बुडालेला जीव काही शिकू शकत नाही. फ्लुओक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन ही या त्रासासाठी प्रस्थापित औषधे आहेत, मात्र त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे किंवा अधिक काळ लागू शकतो. प्रसंगापुरते दिले जाणारे औषध आधी मालक घरी असताना देऊन पाहावे. केवळ गुंगी आणणारे औषध पुरेसे नसते, कारण कुत्रा हालचाल करू शकत नाही, पण आतून घाबरलेलाच राहतो. ही सर्व औषधे पशुवैद्यांनी ठरवलेल्या मात्रेतच द्यावीत.

निघण्याचा दिवस आणि नंतर

सांभाळणारी व्यक्ती मालक निघण्याच्या काही तास आधी यावी. कुत्र्याला नीट फिरवून आणावे, शांतपणे कुरवाळावे आणि नेहमीच्याच आवाजात निरोप घ्यावा. तो झोपला असताना गुपचूप निघून जाऊ नये. त्यामुळे काही कुत्रे पुढे निश्चिंत झोपायलाही घाबरतात. मालकाचा फोनवरील आवाज काहींना दिलासा देतो आणि काहींना अधिक सैरभैर करतो, म्हणून चाचणीच्या रात्री प्रतिक्रिया पाहूनच ते ठरवावे.

पहिल्या दिवशी कमी खाल्ले तर लगेच काळजीचे कारण नसते. पूर्ण दिवस उलटूनही निरोगी प्रौढ कुत्रा खात नसेल, किंवा पाणी पीत नसेल, उलट्या वा जुलाब होत असतील, तर पशुवैद्यांना कळवावे. पिल्ले आणि आजारी कुत्र्यांबाबत इतकीही वाट पाहू नये. परतल्यानंतर कुत्रा काही दिवस पायात पायात करतो. त्याला जवळ येऊ द्यावे, आणि घरात एकटे ठेवताना प्रवासापूर्वी गाठलेल्या वेळेपासून सुरुवात न करता काही मिनिटांपासून पुन्हा वर जावे; या खेपेस ती मजल सहसा लवकर गाठली जाते.