शाफ्ट अडकतोय? पॉलिश पेपर खाली ठेवा

पूलच्या टेबलावर काळा चेंडू मधल्या पॉकेटच्या तोंडाशी, पांढरा त्याच्यासमोर हातभर अंतरावर. डोळे मिटून जावा असा शॉट. मी स्टिक मागे घेतली, पुढे सोडली आणि डाव्या तर्जनीच्या कड्यात ती अर्धा क्षण अडकली. टिप, म्हणजे स्टिकचं चामडी टोक, पांढऱ्याला डावीकडे लागली, काळा पॉकेटच्या कोपऱ्यावर आपटून परत आला.

मग मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. पिशवीतून पॉलिश पेपर काढला आणि शाफ्टवर, म्हणजे स्टिकच्या पुढच्या निमुळत्या भागावर, पाच-सात हात मारले. स्टिक पुन्हा तुळतुळीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दोन वर्षं हा उद्योग चालला. एके दिवशी सहज व्हर्नियर लावून जाडी पाहिली: फेरूलपाशी, म्हणजे टिपेखालच्या टोपणापाशी, 12.9 मिलिमीटर आणि सहा इंच मागे, जिथे माझी बोटं फिरतात तिथे, 12.5. शाफ्टला मी चक्क कंबर काढली होती. आता फेरूलजवळ येताना बोटाला चढ जाणवतो, आणि एकदा जाणवला की शॉटच्या वेळी लक्ष तिथेच जातं.

आमच्यासोबत खेळणाऱ्या एका काकांनी हे बघितलं आणि म्हणाले, "अगं, शाफ्ट कशाला झिजवतेस? हात दाखव." मी दाखवला. त्यांनी माझीच स्टिक घेऊन स्वतःच्या बोटांतून चारदा मागेपुढे केली. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. माझ्या हाताला तासाभरापूर्वी लावलेलं क्रीम होतं.

तेव्हापासून माझा पहिला नियम हाच आहे. शाफ्ट अडकायला लागला की आधी साबणाने हात धुवायचे, बोटांच्या बेचक्यांसकट पूर्ण कोरडे करायचे आणि स्टिक पुन्हा फिरवून बघायची. दहापैकी सात वेळा काम इथेच संपतं. उरलेल्या तीन वेळांसाठी पुढचं वाचा. ब्रिजच्या हातात, म्हणजे पुढे स्टिकला आधार देणाऱ्या हातात, अंगठी असेल तर ती काढून ठेवा. तर्जनीतली किंवा मधल्या बोटातली अंगठी शाफ्टवर बारीक ओरखडे पाडते आणि ते ओरखडे मग मळ धरून बसतात.

हा मळ येतो कुठून? हाताचा घाम, त्वचेचं तेल आणि चॉकची भुकटी, तिघांची मिळून लापशी होते. टिप चेंडूवरून घसरू नये म्हणून तिला लावतात त्या चॉकला चॉक म्हणतात खरं, पण तो फळ्यावरचा खडू नव्हे. 1897 साली विल्यम स्पिंक्स नावाचा बिलियर्ड खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स नावाचा रसायनतज्ज्ञ यांनी अमेरिकेत ज्या चॉकचं पेटंट घेतलं, त्यात सिलिका आणि कोरंडम होतं. कोरंडम म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. घासायच्या कागदांवरही तेच लावतात. म्हणजे निळी भुकटी बोटांत धरून तुम्ही स्टिक शंभरदा पुढेमागे करता, तेव्हा नकळत शाफ्टला घासतच असता. पूलचे लाकडी शाफ्ट बहुधा हार्ड मॅपलचे असतात, रेषा बारीक, छिद्रं लहान. तरी ही भुकटी त्यांत शिरते. स्नूकरच्या ॲश लाकडाच्या स्टिकवर तर लाकडाची रेषा उघडी असते, तिथे ती हक्काने मुक्काम ठोकते.

त्यामुळे चॉक लावतानाच अर्धी लढाई आहे. स्टिक उभी धरून टिपेवर चॉक गोल गोल फिरवला की सगळी भुकटी शाफ्टवरून खाली ओघळते. स्टिक आडवी धरा, टिप किंचित खाली झुकवा, चॉकचा हलका हात कडेकडेने ओढा. भुकटी जमिनीवर पडेल. टेबलावर पडू देऊ नका, तो वेगळा गुन्हा आहे.

खेळताना मांडीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर एक कोरडं मायक्रोफायबरचं फडकं असू द्या. दुसऱ्याची पाळी असताना शाफ्ट फेरूलपासून जॉइंटच्या, म्हणजे स्टिकचे दोन भाग जुळतात त्या सांध्याच्या, दिशेने दोन-तीनदा ओढून पुसायचा. खेळ संपल्यावर केसमध्ये घालण्याआधी पुन्हा एकदा, या वेळी जरा दाबून, फडकं हाताला कोमट लागेपर्यंत. फडक्याच्या एकाच भागाने महिनोन् महिने पुसलंत तर मळ काढण्याऐवजी परत लावत बसाल, म्हणून ते अधूनमधून धुवा. धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका. त्याचा थर फडक्यावर राहतो.

एवढ्याने भागत नसेल तर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा खोल सफाई. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरते. फडक्यावर थोडंसं घ्यायचं, शाफ्टवर थेट ओतायचं नाही. टिपेपासून हातभर भाग पुसा, फडकं राखाडी-निळं होईल, जागा बदला, पुन्हा पुसा. अल्कोहोल झटकन उडून जातं, म्हणून लाकूड पाण्याइतकं फुगत नाही. दोन गोष्टी सांभाळा. टिप आणि फेरूलच्या सांध्यात ते मुरू देऊ नका. आणि बटाच्या, म्हणजे स्टिकच्या मागच्या जाड भागाच्या, चकचकीत कोटाला लावू नका, काही पॉलिश त्याने विरघळतात. घरात सर्जिकल स्पिरिट असेल तर बाटलीवरची यादी वाचा. काहींत एरंडेल घातलेलं असतं. तेल काढायला जाऊन तेलच चोळून बसाल.

अल्कोहोलनंतर शाफ्ट हाताला थोडा कोरडा, राठ लागतो. इथे बरेच जण घाबरून पुन्हा पॉलिश पेपर उचलतात. नका उचलू. एक चामड्याचा तुकडा घ्या, जुन्या पट्ट्याचा किंवा बुटाच्या जिभेचा चालेल, फक्त त्यावर रंग-पॉलिश नको. तो शाफ्टभोवती गुंडाळा, मुठीत घट्ट धरा आणि लांबीच्या दिशेने भराभर फिरवा. वीस-तीस फेऱ्यांनंतर तळहाताला चांगली ऊब लागेल. आणखी थोडं घासा. हात भाजू लागायच्या आत थांबा, दोन मिनिटं जाऊ द्या, मग शाफ्ट पन्नासेक अंश फिरवून पुन्हा. घर्षणाची उष्णता आणि दाब यांनी उभे राहिलेले तंतू चपटे बसतात, लाकडाचं तोंड मिटतं. लाकडाचा कणही जात नाही. झाल्यावर उजेडाकडे तिरकं धरून बघा: मॅपलवर काचेसारखी नाही, साटीनसारखी मंद चमक येते. बोटाच्या मागच्या बाजूने, नखाच्या वरच्या त्वचेने फिरवून बघा. तिथली त्वचा तळव्यापेक्षा नाजूक असते, राठपणा लगेच कळतो.

चामडं नसेल तर साधा जाड खाकी कागदही काम करतो. वेळ जास्त लागतो इतकंच.

मेलामाइनचा तो पांढरा स्पंज, भिंतीवरचे डाग काढतो तो, शाफ्टवरचा निळा रंगही पटकन काढतो. मीही वापरला आहे. पण तो स्पंज म्हणजे अतिशय बारीक पॉलिश पेपरच आहे हे विसरू नका, आणि त्याला पाणी लागतं. ओलाव्याने तंतू उभे राहतात. वापरलाच तर चांगला पिळून, मोजक्या चार ओढी, लगेच कोरड्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळल्यावर चामडं. खरं सांगायचं तर फेरूलखालच्या निळ्या छटेने स्टिक अडकत नाही. ती नुसती दिसते. गोऱ्यापान शाफ्टच्या हौसेपायी किती शाफ्ट बारीक झाले असतील, देव जाणे.

मग पॉलिश पेपर कधीच नाही का? कधीतरी. लाकूड ओलं होऊन खरखरीत झालं असेल आणि चामड्यानेही बसत नसेल तेव्हा. 1500 किंवा 2000 नंबरचा, कोरडा, शेवटपर्यंत कोरडाच. आकडा जितका मोठा तितका कागद बारीक. 400 किंवा त्याखालचा शाफ्टच्या जवळही आणू नका. लांबीच्या दिशेने, बोटांचा दाब न देता, पूर्ण शाफ्टवर सारख्या ओढी. फक्त अडकणाऱ्या जागी घासलंत तर माझ्यासारखी कंबर निघेल. पूलच्या बऱ्याच शाफ्टना टिपेपासून दहा-बारा इंच जवळपास एकच जाडी ठेवलेली असते. खेळाची सगळी मजा त्या दहा-बारा इंचांत आहे. स्टीलचा काथ्या नको, त्याचे तुकडे लाकडात रुततात.

मेणाबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. कार्नोबाचं घट्ट मेण नखाएवढं घेऊन, पातळ चोपडून, वाळवून, मग चामड्याने जोर लावून काढून टाकलं तर शाफ्ट खरंच सुंदर सरकतो आणि ओलही कमी धरतो. पण लोक काढून टाकायचा भाग विसरतात. राहिलेलं मेण हाताच्या उबेने मऊ होतं आणि पुन्हा तीच चिकचिक. सिलिकॉनचे स्प्रे मात्र अजिबात नको. ते हाताला लागतं, हातावरून टेबलाच्या कापडाला आणि चेंडूला लागतं, आणि पुढे शाफ्टला नवा कोट द्यायचा झाला तर तो नीट बसत नाही. ॲशच्या स्टिकला काही जण जवसाचं तेल लावतात. ती जुनी पद्धत आहे, चांगलीही आहे, पण अगदी थोडं लावा आणि जास्तीचं पुसून एक दिवस वाळू द्या. तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी स्वतःच तापून पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवा, मगच टाका.

टाल्कम पावडर लावणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलं आहे. पहिली दहा मिनिटं स्वर्ग, नंतर घामात कालवलेलं पीठ. हाताला घाम येतोच असेल तर तीन बोटांचा ग्लव्ह घ्या. पहिले दोन दिवस विचित्र वाटतं, मग आठवणही राहत नाही. तोही धुवायचा असतो, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

पोचा पडला असेल, म्हणजे लाकूड दबलंय पण तंतू तुटलेले नाहीत, तर तो घरी उठवता येतो. टिश्यूचा नखाएवढा तुकडा ओला करून फक्त पोच्यावर ठेवा, दहा मिनिटांनी काढा. दबलेले तंतू पाणी पिऊन वर येतात. रात्रभर वाळू द्या. सकाळी तिथे किंचित टेंगूळ लागेल. गुळगुळीत काचेच्या बाटलीची मान त्यावर दाबून फिरवा, मग चामडं. नखाला कापल्यासारखी कड लागत असेल तर तंतू तुटलेत, पाण्याने काही होणार नाही. ते काम स्टिक दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

कार्बन फायबरच्या शाफ्टला यातलं बरंच काही लागू नाही. तिथे अल्कोहोल लावलेलं फडकं पुरेसं. पॉलिश पेपर आणि मेण दोन्ही लांब ठेवा.

शेवटी केस. शाफ्ट चकचकीत करून ज्या नळीत घालता तिच्या तळाशी काय साठलंय ते एकदा बघा. माझी केस उलटी करून थोपटली तेव्हा मूठभर निळी भुकटी पडली, शिवाय एक तुटकी टिप आणि दोन वर्षांपूर्वी हरवलेलं झुमकं.