भर पावसात गोल्फ खेळायला निघताना

गोल्फच्या नव्या बॅगेबरोबर एक टोपडे मिळते. त्याचे नाव रेन हूड; बॅगेच्या तोंडावर बसणारे, टिचबटणांनी अडकवायचे, पाणी आत शिरू न देणारे ते एक साधे आच्छादन असते. बॅग घरी आली की ते वेष्टनातून न काढताच कपाटात जाते आणि पुढची काही वर्षे तेथेच राहते. माझेही तसेच राहिले होते. गेल्या वर्षी एका स्पर्धेत तिसऱ्या होलपासून (मैदानाच्या तिसऱ्या टप्प्यापासून) पावसाने झोडपायला सुरुवात केली, तेव्हा माझ्याजवळ चांगले जाकीट होते, छत्री होती, पावसाळी हातमोजे होते, दोन टॉवेल होते, कोरडे पायमोजेसुद्धा होते. नव्हते ते फक्त हे टोपडे. अकराव्या होलवर माझा सात नंबरचा आयर्न (चेंडू मारण्याच्या काठीचा, म्हणजे क्लबचा, एक प्रकार) स्विंगच्या मध्यातच हातांतून निसटला आणि सोबत्याच्या पायापासून दोन हातांवर जाऊन पडला. तो काही बोलला नाही, परंतु त्यानंतर मी मारायला उभा राहिलो की तो बराच मागे सरकून उभा राहू लागला. म्हणून ही यादी लिहीत आहे, आणि तिच्यात टोपड्याचा उल्लेख वारंवार आला तर वाचकांनी तो सोसावा.

त्याचे महत्त्व कळण्यासाठी बॅगेत क्लब कसे राहतात हे आठवावे. क्लबचे डोके वर असते आणि ग्रिप, म्हणजे धरण्याची मूठ, खाली तळाशी असते. बॅगेचे तोंड उघडे राहिले की पाणी दांड्यांवरून ओघळत खाली जाते, तळाशी साचते आणि चौदाच्या चौदा ग्रिप त्या पाण्यात उभ्या राहतात. हातातला क्लब पुसून कोरडा करता येतो, परंतु फटका मारून तो पुन्हा बॅगेत ठेवला की त्याची ग्रिप पुन्हा त्याच पाण्यात बुडते. नवव्या होलपर्यंत माझे दोन्ही टॉवेल केवळ ग्रिप पुसण्यात भिजून गेले, कारण मी बॅगेतले पाणी एकेका ग्रिपवरून टॉवेलमध्ये भरत होतो. बॅगेच्या तोंडावर टॉवेल पसरल्याने भागेल असे कोणाला वाटत असेल, तर ते भागत नाही. टॉवेल पाणी अडवीत नाही, ते शोषून घेतो आणि मग सावकाश आत सोडतो. प्लास्टिकची पिशवी बांधण्याचा प्रयोगही मी करून पाहिला, तो वाऱ्याने दोन होलांत संपवला.

तेव्हा तयारीला आठवडाभर आधी, आणि टोपडे शोधण्यापासून, सुरुवात करावी. ते सापडल्यावर समाधान मानून ठेवून देऊ नये, तर बॅगेवर प्रत्यक्ष बसवून पाहावे. ही टोपडी सहसा त्या त्या बॅगेच्या बेताने शिवलेली असतात. जुन्या बॅगेचे टोपडे नव्या बॅगेवर चढले तरी त्याची टिचबटणे जागेवर येतीलच असे नाही. सगळी टिचबटणे मोजावीत, त्याची चेन अडत असेल तर तिच्यावर थोडे मेण घासावे, आणि मुख्य म्हणजे एका हाताने चेन उघडून क्लब बाहेर काढण्याचा सराव करावा, कारण मैदानावर दुसऱ्या हातात छत्री असणार आहे. ट्रॉली वापरणाऱ्यांनी टोपड्याचे उघडणारे तोंड आपल्या बाजूला येते की पलीकडे जाते हेही पाहून घ्यावे. घरी हे हास्यास्पद वाटते, वाटू द्यावे.

ग्रिप त्याच आठवड्यात कोमट साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवाव्यात. हाताच्या घामाचा आणि तेलाचा थर बसलेली ग्रिप कोरड्या दिवशी जाणवत नाही, पाण्याचा पहिला थेंब पडताच ती साबणाच्या वडीसारखी होते. गुळगुळीत झालेल्या ग्रिप बदलूनच घ्याव्यात, आणि वारंवार पावसात खेळणाऱ्यांनी सुती दोरा घातलेल्या खरखरीत ग्रिपचा विचार करावा. हातमोज्यांच्या बाबतीत नेहमीचा चामड्याचा मोजा भिजला की निसरडा होतो, उलट पावसासाठी केलेले कापडी मोजे ओले झाल्यावर अधिक चांगले धरतात. ते बहुधा दोन्ही हातांसाठी जोडीने विकले जातात. परंतु तेही तळाशी साचलेल्या पाण्यातून उपसून काढलेल्या ग्रिपपुढे हात टेकतात, हे मी अनुभवाने सांगतो.

जाकीट आणि पँट जलरोधक असल्याचे लेबलवर लिहिलेले असते, त्यावर विसंबू नये. बाही नळाखाली दोन मिनिटे धरून आतून हात फिरवावा. थोरामोठ्यांचीही येथे फजिती झाली आहे: २०१० साली वेल्समधल्या सेल्टिक मॅनरवर झालेल्या रायडर कपमध्ये, म्हणजे अमेरिका आणि युरोप यांच्या सांघिक लढतीत, पहिल्याच दिवशी पाऊस कोसळला, तेव्हा अमेरिकी संघाचे पावसाळी पोशाख पाणी आत घेऊ लागले आणि जगातल्या उत्तमोत्तम खेळाडूंसाठी मैदानावरच्या विक्रीच्या तंबूतून नवे पोशाख विकत आणावे लागले. ती लढत लांबत सोमवारी संपली आणि अमेरिका एका गुणाने हरली. पोशाखांमुळे हरली असे कोणी म्हणू नये, पण अशी धावपळ कोणाच्याच वाट्याला येऊ नये. जाकीट घालून पूर्ण स्विंगही करून पाहावा, कारण खांद्यात आवळणारे जाकीट पावसापेक्षा अधिक फटके बिघडवते.

बुटांचे स्पाइक घट्ट करावेत. पँट बुटावरून बाहेर यावी, नाहीतर पँटवरचे सगळे पाणी बुटात उतरते.

आदल्या रात्री बॅग भरताना टोपी, चेंडू, टी (चेंडू टेकवण्याची खुंटी) आणि पाण्याची बाटली यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. टॉवेल किमान तीन असावेत आणि ते एकत्र न ठेवता प्रत्येक वेगळ्या, तोंड बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. एक चेंडू आणि क्लबच्या डोक्यांसाठी, एक ग्रिपसाठी, आणि तिसरा दहाव्या होलपूर्वी न उघडण्याच्या निश्चयाने. ग्रिपचा टॉवेल छत्रीच्या आतल्या काड्यांना अडकवला तर तो कोरडाही राहतो आणि हाताशीही असतो. चष्मा वापरणाऱ्यांनी पुसण्याचे कापड आतल्या खिशात ठेवावे. अंतर मोजणारी लेझर दुर्बीण जोराच्या पावसात थेंबांवरच अडकते आणि भलतेच अंतर दाखवते, म्हणून मैदानावरच्या अंतराच्या खुणा वाचण्याची सवय असावी. स्कोअरकार्डासाठी शाईचे पेन नको, पेन्सिल हवी. जास्तीचे पायमोजे घ्यावेत. लोकरीची क्लबची टोपणे घरीच ठेवावीत, कारण ती पाणी पिऊन तेच पाणी ड्रायव्हरच्या (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबच्या) डोक्याला पाजत राहतात.

आणि टोपडे. ते बॅगेच्या खिशात ठेवले म्हणजे झाले असे मानू नये. ते आदल्या रात्रीच बॅगेवर चढवून सगळी टिचबटणे लावून ठेवावीत. सकाळी आकाश निरभ्र दिसले तरी काढू नये. पाऊस सुरू झाल्यावर टोपडे शोधून, उलगडून, बसवून होईपर्यंत जे पाणी आत जाते तेवढे पुरेसे असते. जाकिटाचेही तसेच आहे: अंग भिजल्यावर घातलेले जलरोधक जाकीट ओलावा आतच कोंडते.

मैदानावर पोचल्यावर खरी परीक्षा फटक्यांची नसते, फटक्यांच्या मधल्या हालचालींची असते, आणि त्यांचा क्रम आधीच ठरलेला असावा. अंतर आणि वारा यांचा विचार छत्रीखाली, टोपड्याची चेन बंद असतानाच करावा; कोणता क्लब घ्यायचा हे ठरल्यावरच चेन उघडावी. तोंड उघडे ठेवून सहा आणि सात नंबरमध्ये घोळ घालीत उभा राहणारा खेळाडू टोपडे असूनही भिजतो. क्लब बाहेर आला की चेन बंद, मग ग्रिप पुसणे, मग छत्री खाली, मग उशीर न करता फटका. परत ठेवताना डोके आणि दांडा दोन्ही पुसूनच क्लब आत घालावा, कारण ओला क्लब हा आतल्या तेरा कोरड्या क्लबांमध्ये सोडलेला पाझर आहे. मग पुन्हा चेन बंद. पुन्हा सांगतो, चेन बंद. सोबती घाई करीत असेल तर करू द्यावी.

छत्री स्वतःच्या हातात धरून छोटा पट (चेंडू होलकडे घरंगळवणारा हलका फटका) मारण्यास नियमांची आडकाठी नाही, मात्र फटका मारताना कॅडीने (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाने) किंवा सोबत्याने डोक्यावर छत्री धरली तर दंड बसतो; फटक्याच्या आधी आणि नंतर त्याने ती खुशाल धरावी. हात शेकण्याची पुडी खिशात चालते, पण चेंडू मुद्दाम शेकून खेळला तर खेळाडू स्पर्धेतून बाद होतो.

पावसातल्या आणखी काही नियमांची उजळणी आधी करून जावे, कारण भिजलेल्या माणसाला नियम आठवत नाहीत. चेंडू किंवा आपली उभे राहण्याची जागा साचलेल्या पाण्यात असेल तर दंडाविना सुटका मिळते: होलच्या जवळ न जाता, संपूर्ण सुटका देणारा सर्वांत जवळचा बिंदू पाहायचा आणि तेथून एका क्लबच्या लांबीच्या आत गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. मात्र पाणी दिसले पाहिजे. पाऊल दाबल्यावर क्षणभर वर येऊन नाहीसे होणारे पाणी किंवा नुसता चिखल त्यात मोडत नाही. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) पाणी साचले असेल तर विनादंड सुटका बंकरच्या आतच घ्यावी लागते, बाहेर यायचे असल्यास एक फटका मोजावा लागतो. फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) चेंडू स्वतःच पाडलेल्या खळग्यात रुतला तर तो विनादंड सोडवता येतो. परंतु चेंडूला नुसता चिखल लागला म्हणून तो ग्रीनबाहेर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीबाहेर) उचलून पुसता येत नाही. तशी मुभा स्थानिक नियमाने दिली आहे का, हे पहिल्या टीवर (पहिला फटका मारण्याच्या जागी) जाण्यापूर्वीच विचारावे.

एका बाबतीत मात्र कोणतेही टोपडे, छत्री किंवा हौस उपयोगी नाही, आणि ती म्हणजे वीज. १९७५ साली शिकागोजवळच्या वेस्टर्न ओपन स्पर्धेत अमेरिकी गोल्फपटू ली ट्रेव्हिनोला मैदानावरच विजेचा तडाखा बसला आणि त्याची पाठ पुढे अनेक वर्षे दुखत राहिली. १९९१ साली हेझल्टिन येथील गोल्फच्या यूएस ओपनमध्ये झाडाखाली आसरा घेतलेल्या प्रेक्षकांवर वीज पडून एकाचा मृत्यू झाला. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत जितके सेकंद जातात, त्यांना तीनने भागले की साधारण किलोमीटर मिळतात. परंतु गडगडाट ऐकू आला म्हणजेच आपण तिच्या टप्प्यात आहोत, तेव्हा भागाकार करीत बसू नये. आयोजकांच्या भोंग्याचा एक लांब सूर म्हणजे खेळ तत्काळ थांबवायचा, अर्धवट होलही पुरा करायचा नाही. त्यानंतर फटका मारल्यास बाद होण्याची शिक्षा आहे. तीन लागोपाठ सूर म्हणजे साधी स्थगिती, दोन आखूड सूर म्हणजे पुन्हा सुरुवात. भोंगा वाजला नाही तरी विजेची भीती वाटल्यास खेळाडूला स्वतःहून थांबता येते. नुसत्या पावसासाठी तशी सवलत नाही. आसरा पक्क्या इमारतीत किंवा पत्र्याच्या बंद मोटारीत घ्यावा. झाड, उघडी शेड आणि गोल्फची उघडी गाडी यांपैकी काहीही चालणार नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. दहा मिनिटे नव्हे.

वाऱ्याविषयी थोडक्यात सांगतो. समोरचा वारा जेवढे अंतर खातो तेवढे पाठीमागचा परत देत नाही. जोर लावल्याने चेंडूला फिरकी अधिक मिळते आणि तो आणखी वर चढतो, म्हणून मोठा क्लब घ्यावा, तो थोडा आखूड धरावा आणि सावकाश मारावा. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितके चांगले, पण वादळात अपेक्षा वास्तव ठेवाव्यात: २००२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये म्युअरफील्डवर तिसऱ्या दिवशीच्या वादळात टायगर वुड्ससारख्या अव्वल खेळाडूलाही ८१ फटके लागले. ग्रीनवर उचलून परत ठेवलेला चेंडू वाऱ्याने हलला तर तो पुन्हा जागेवर ठेवावा. न उचललेला हलला तर जेथे थांबेल तेथून खेळावा. ओल्या ग्रीनवर पट जोरात मारावा. ओली वाळू कठीण असते, क्लब आपटून उसळतो. फेअरवेवर चेंडू घरंगळत नाही. इतके पुरे.

घरी आल्यावर सगळे क्लब बाहेर काढावेत, बॅग उलटी करावी, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, जाकीट पिळू नये. टोपडे दोरीवर वाळत घालावे आणि वाळले की कपाटात न ठेवता बॅगेच्या खालच्या खिशात ठेवावे. माझे सध्या तेथे आहे. हे लिहिण्यापूर्वी उठून पाहून आलो.